एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॉम्प्युटरला दिसत नाही? 'फॉरमॅट' दाबण्याआधी हे तपासा

लग्नाचं शूटिंग, शाळेचे रेकॉर्ड, सातबाराचे स्कॅन, पीक नुकसानीचे फोटो असं बरंच काही आता एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवलं जातं. एक दिवस डिस्क जोडली आणि ती दिसलीच नाही तर पोटात गोळा येतो. माझी गारपिटीच्या फोटोंची डिस्क अशीच दिसेना. शेवटी दोष निघाला केबलचा. म्हणून घाबरू नका, क्रमाने तपासा.

१) केबल बदला. डिस्कच्या बाजूची पिन वापरून सैल होते. दुसरी केबल लावताना ती डेटाची आहे ना, हे बघा. काही केबलींनी फक्त चार्जिंग होतं.

२) पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागच्या पोर्टला थेट लावा. साधा यूएसबी हब मध्ये नको. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअर करंट देतं, यूएसबी ३ पोर्ट ९०० देतं. करंट कमी पडला की लाइट लागते, पण डिस्क चालू होत नाही. मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर असतो, तोही तपासा.

३) दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे दिसली तर डिस्क चांगली आहे, दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

४) डिस्क मॅनेजमेंट उघडा. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबली की यादीत हे नाव येतं. तिथे डिस्क 'हेल्दी' दिसते, पण तिला अक्षर नाही, असं असेल तर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मध्ये 'ॲड' करा आणि रिकामं अक्षर द्या. बऱ्याचदा काम एवढ्यावरच भागतं.

सगळ्यात महत्त्वाचं : 'फॉरमॅट करायचं का?' किंवा 'इनिशिअलाइज' असा मेसेज आला तर 'कॅन्सल' करा. डिस्कमध्ये 'रॉ' किंवा 'अनअलोकेटेड' दिसलं म्हणजे डेटा गेलाच असं नसतं. पण त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की परत मिळण्याची आशा कमी होते. अशा वेळी आधी रिकव्हरी, दुरुस्ती नंतर.

डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येत असेल तर लगेच काढून ठेवा. पुन्हा पुन्हा लावू नका आणि घरी उघडूही नका. आतल्या तबकडीला धुळीचा कणही चालत नाही. अशी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्या आणि खर्च आधी विचारून घ्या.

पुढे हा ताप नको असेल तर डिस्क काढताना 'इजेक्ट' करा, लाइट जायच्या वेळेत कॉपी लावू नका. आणि महत्त्वाचं एकाच डिस्कवर ठेवू नका. बियाणं आपण सगळं एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच हे.