वाचा गेली, शिकणं राहिलं

फालिज पडून घरातल्या थोरल्याची वाचा गेली की भेटायला येणारे त्यांच्या उशाशीच बसून म्हणतात, "आता यांना काही समजत नाही." मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवते, तिला वैद्यकात 'अफेजिया' म्हणतात. भाषेबरोबर शिकण्याची ताकदही जाते का? याचं उत्तर एका सोव्हिएत सैनिकाच्या आयुष्यात सापडतं.

लेव्ह झासेत्स्की तंत्रशिक्षण घेणारा तरुण. मार्च 1943मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोळी त्याच्या मेंदूत डाव्या बाजूला, मागे घुसली. जीव वाचला, पण अक्षरं अनोळखी झाली, वस्तूंची नावं आठवेनात. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांतला फरकही उमगेना.

उरल भागातल्या इस्पितळात त्याची गाठ अलेक्झांडर लुरिया यांच्याशी पडली. हेच लुरिया 1931-32मध्ये उझबेकिस्तानच्या मुस्लिम खेड्यांत गेले होते. निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी तर्काची कोडी घातली. थोडं शिक्षण मिळालेल्यांची उत्तरं वेगळी येतात, म्हणजे विचाराची रीत जन्मजात नसून घडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. शाळेच्या मोजपट्टीने शेतकऱ्याची अक्कल मोजली, ही त्यांच्यावरची टीका मला पटते. तरी माणूस घडू शकतो हा त्यांचा विश्वास झासेत्स्कीच्या कामी आला.

झासेत्स्की पुन्हा मुळाक्षरं शिकू लागला. हवं ते अक्षर सुचेना, तेव्हा तो वर्णमाला सुरुवातीपासून म्हणत तिथवर पोचायचा. मकतबात मधलाच शब्द विचारला की आम्हीही सबक पहिल्यापासून म्हणायचो! सुटं अक्षर हाती लागत नसलं, तरी पाठ झालेली साखळी शाबूत होती.

लिहिण्याचंही तसंच. एकेक अक्षर आठवून लिहिताना तो अडायचा. मग त्याला सांगण्यात आलं, हात न उचलता शब्द एका दमात लिही. हाताची जुनी सवय जागी झाली आणि तो लिहू लागला. स्वतःचं लिखाण वाचणं मात्र त्याला कठीणच राहिलं. तरी सुमारे 25 वर्षांत त्याने 3000च्या आसपास पानं लिहिली. कधी एका पानाला अख्खा दिवस लागे. त्या लिखाणावर लुरियांनी पुस्तक लिहिलं.

तो पूर्ण बरा झाला नाही, आणि प्रत्येक रुग्ण इतकं शिकेलच असंही नाही. इजा कुठे आणि किती, यावर बरंच ठरतं. झासेत्स्कीच्या मेंदूचा पुढचा भाग शाबूत होता, म्हणून जिद्द आणि आपण काय गमावलं याची जाण टिकली.

म्हणून माझी विनंती इतकीच. वाचा गेलेल्या माणसासमोर बोलताना तो ऐकतोय असं धरून चाला. त्याच्याशी सावकाश, छोट्या वाक्यांत बोला, उत्तराला वेळ द्या, आणि वाचा-उपचार तज्ज्ञाकडे न्या. दुआ तर कराच, पण सबकही सुरू ठेवा.