गुडघेबदल शस्त्रक्रिया : शल्यचिकित्सकाची निवड आणि नंतरचे बारा आठवडे

नवी दिल्ली : तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. न्यूयॉर्कस्थित भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती केली होती. त्या काळी देशभर चर्चेचा विषय ठरलेली ही शस्त्रक्रिया आज अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही उपलब्ध आहे. पर्याय वाढले, जाहिरातीही वाढल्या. त्यामुळे ती कोठे करावी, कोणाकडून करून घ्यावी आणि मुळात आताच करावी का, हे प्रश्न अधिक कठीण झाले आहेत.

शस्त्रक्रियेला साधारणपणे एक ते दोन तास लागतात. तिचे फळ मात्र त्याआधी विचारलेल्या प्रश्नांवर आणि त्यानंतरच्या सुमारे बारा आठवड्यांतील व्यायामावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी रुग्णाच्या व कुटुंबाच्या हाती असतात.

शस्त्रक्रियेत काय केले जाते?

‘गुडघा बदलणे’ या शब्दप्रयोगामुळे संपूर्ण गुडघा काढून टाकला जातो, असा समज होतो. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग यांचा झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर जाडीने कापला जातो. त्यावर धातूचे आवरण बसवले जाते आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिएथिलीन या टिकाऊ प्लास्टिकची चकती ठेवली जाते. काही रुग्णांमध्ये गुडघ्याच्या वाटीची मागील बाजूही बदलली जाते. आजच्या बहुतेक इम्प्लांटचे मूळ न्यूयॉर्कमधील हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी येथे १९७४ मध्ये वापरात आलेल्या रचनेत आहे. जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासह डॉ. राणावत यांचाही तिच्या विकासात सहभाग होता.

झीज गुडघ्याच्या एकाच बाजूला असेल आणि अस्थिबंध शाबूत असतील, तर काही रुग्णांसाठी अर्धा गुडघा बदलण्याचा पर्याय असतो. आपण त्या गटात येतो का, हे विचारून घेणे योग्य ठरते.

निर्णयाची वेळ

केवळ एक्स-रेमध्ये झीज दिसते, हे शस्त्रक्रियेचे पुरेसे कारण नाही. वेदनेमुळे रात्रीची झोप मोडणे, घरातल्या घरात चालणेही कठीण होणे आणि वजन नियंत्रण, औषधे व नियमित व्यायाम यांचा काही महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही आराम न पडणे, अशा स्थितीत शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

डेन्मार्कमधील १०० रुग्णांवरील आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यात निम्म्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करून व्यायाम, आहार व औषधांचे उपचार देण्यात आले. उरलेल्या निम्म्यांना केवळ हे उपचार मिळाले. वर्षभरानंतर पहिल्या गटातील सुधारणा स्पष्टपणे अधिक होती. मात्र गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात जास्त आढळल्या. दुसऱ्या गटातील सुमारे एक चतुर्थांश रुग्णांनाच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. शस्त्रक्रिया प्रभावी आहे आणि तरीही अनेकांना ती पुढे ढकलता येते, असे दोन्ही निष्कर्ष यातून निघतात.

वयाचा विचारही आवश्यक आहे. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार सुमारे ८२ टक्के पूर्ण गुडघेबदल २५ वर्षे टिकतात. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता जेमतेम पाच टक्के असते. पन्नाशीच्या आरंभी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पुरुषांमध्ये मात्र ती ३५ टक्क्यांपर्यंत आढळली आहे. दुसऱ्यांदा करावी लागणारी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड आणि खर्चिक असते.

झिजेच्या संधिवातासाठी केलेला गुडघेबदल ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. ‘याच आठवड्यात निर्णय घ्या’ असा आग्रह होत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यासाठी वेळ असतो, हे लक्षात ठेवावे.

शल्यचिकित्सक निवडताना

स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघेबदल शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पासून अशी नोंदवही असून तेथील रुग्णालये व शल्यचिकित्सक यांची माहिती नागरिकांना पाहता येते. भारतात हिप व गुडघेतज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही आहे. परंतु प्रत्येक डॉक्टरचे निष्कर्ष रुग्णाला पाहता येतील, अशी व्यवस्था नाही. त्यामुळे माहिती विचारून मिळवण्याची जबाबदारी रुग्णावर येते.

पहिली पायरी नोंदणीची. डॉक्टरचे नाव राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत आहे का आणि अस्थिशल्यचिकित्सेतील एमएस अथवा डीएनबी पदवी आहे का, हे पाहता येते. सांधेबदलाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतले असल्यास त्याचा कालावधीही विचारावा. काही आठवड्यांची कार्यशाळा आणि वर्षभराचे प्रशिक्षण यांत मोठे अंतर आहे.

दुसरी पायरी अनुभवाची. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यविमा नोंदींवर आधारित २००४ च्या अभ्यासात, वर्षाला ५० हून अधिक गुडघेबदल करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या रुग्णांमध्ये न्यूमोनिया व सांध्यातील जंतुसंसर्ग यांचे प्रमाण वर्षाला १२ पर्यंतच शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या तुलनेत कमी आढळले. म्हणून एकूण कारकिर्दीतील आकड्यापेक्षा गेल्या वर्षभरातील आकडा अधिक बोलका असतो.

पहिल्या भेटीत पुढील प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते : गेल्या वर्षी किती गुडघेबदल केले? शस्त्रक्रिया स्वतः करणार की सहकारी करणार? किती रुग्णांना जंतुसंसर्ग झाला, किती जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली? कोणते इम्प्लांट वापरणार आणि का? गुंतागुंत झाल्यास रात्री कोणाशी संपर्क साधायचा? या प्रश्नांना शांतपणे उत्तर देणारा आणि संभाव्य धोके आपणहून सांगणारा डॉक्टर विश्वासास पात्र समजावा. ‘शंभर टक्के यश’ ही ग्वाही वैद्यकशास्त्राला धरून नाही.

रोबोटच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेचा सध्या मोठा प्रचार होतो. या तंत्राने हाड कापण्यातील अचूकता वाढते. मात्र अनुभवी हातांनी केलेल्या पारंपरिक शस्त्रक्रियेपेक्षा रुग्णाचे चालणे किंवा वेदना दीर्घकाळात लक्षणीयरीत्या सुधारतात, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलल्यास रुग्णालयातील वास्तव्य एकदाच घडते. परंतु हृदय व फुप्फुसांवरचा ताण वाढतो. हृदयविकार असलेल्या आणि अतिवृद्ध रुग्णांनी हा पर्याय भूलतज्ज्ञ व हृदयरोगतज्ज्ञ यांच्या सल्ल्याशिवाय स्वीकारू नये.

खर्चाचा हिशेब

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. त्यापूर्वी सरासरी १ लाख ५८ हजार रुपयांना विकल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम इम्प्लांटचा कमाल दर ५४,७२० रुपये, तर टायटॅनियम व ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम इम्प्लांटचा दर ७६,६०० रुपये ठरवण्यात आला. वस्तू व सेवा कर वेगळा. त्यानंतर या आदेशाला मुदतवाढ मिळत गेली असून दरांत फेरबदलही झाले आहेत, त्यामुळे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहावा.

ही मर्यादा केवळ इम्प्लांटला लागू आहे. खोलीभाडे, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांचे शुल्क, औषधे आणि फिजिओथेरपी यांवर ती नाही. म्हणून अंदाजपत्रक बाबनिहाय आणि लेखी मागावे. इम्प्लांटची किंमत, कंपनीचे नाव व बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे नमूद करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. हा तपशील आयुष्यभर जपून ठेवावा. पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आल्यास तो कामी येतो.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता योजनेत सामावून घेण्यात आले आहे. योजनेचे कार्ड अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते. गुडघेबदलासाठीचे नियम व रुग्णालये राज्यानुसार वेगळी असल्याने दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्यावी. खासगी विम्यात सांधेबदलासाठी बहुधा काही वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो.

गावाकडील आईवडिलांना शस्त्रक्रियेसाठी बेंगळुरू, हैदराबाद किंवा पुण्यात मुलांकडे नेण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशा वेळी किमान सहा आठवड्यांचा मुक्काम, त्यांच्या भाषेत बोलू शकणारा फिजिओथेरपिस्ट आणि गावी परतल्यानंतरची तपासणी यांची आखणी आधीच करणे हिताचे ठरते.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

मधुमेह आटोक्यात आणणे, रक्तक्षय असल्यास भरून काढणे आणि धूम्रपान किमान महिनाभर आधी थांबवणे, या तीन गोष्टींनी जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. दात, मूत्रमार्ग किंवा त्वचेचा संसर्ग असल्यास आधी त्यावर उपचार करावेत. रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू केल्यास नंतरची वाटचाल सोपी होते. घरात कमोडची सोय, स्नानगृहात आधाराचा दांडा, हातांची उंच खुर्ची व खाट यांची व्यवस्था करावी. जाजमे व मोकळ्या तारा हलवाव्यात.

बारा आठवड्यांची वाटचाल

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते आणि दोन ते पाच दिवसांत घरी सोडले जाते. टाके साधारणपणे १० ते १४ दिवसांनी काढतात. या काळात गुडघा पूर्ण सरळ करणे हे वाकवण्याइतकेच महत्त्वाचे असते. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवल्यास तो वाकलेल्या स्थितीत आखडू शकतो. उशी घोट्याखाली ठेवावी. वेदनाशामक औषध व्यायामापूर्वी ठरलेल्या वेळी घेतल्यास व्यायाम टळत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गुडघा ९० अंशांपर्यंत वाकणे अपेक्षित असते. तीन ते सहा आठवड्यांत वॉकरकडून काठीकडे, नंतर काठीविना अशी प्रगती होते. बैठे काम करणारे सहा आठवड्यांच्या आसपास कामावर जाऊ शकतात. मोटार चालवण्याची परवानगीही सहसा तेव्हाच मिळते. बाराव्या आठवड्यापर्यंत अनेकांचा गुडघा ११० अंश किंवा त्याहून अधिक वाकतो. हालचाल अडून राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना दाखवावे, कारण त्यानंतर आखडलेपणा सोडवणे अवघड जाते. सूज व उष्णता अनेक महिने राहू शकते; व्रणाच्या बाहेरील बाजूस बधिरपणाही जाणवतो. पूर्ण लाभ दिसण्यास वर्षभर लागू शकते.

पोटरी दुखून सुजणे हे शिरेत रक्ताची गाठ झाल्याचे लक्षण असू शकते. अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे ही जीवघेणी आणीबाणी समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. जखमेतून स्राव, वाढती लाली, ताप किंवा कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे यांपैकी काहीही आढळल्यास स्वतःहून प्रतिजैविके न घेता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशीच संपर्क साधावा.

अपेक्षांचे माप

विविध अभ्यासांत सुमारे पाचपैकी एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्णतः समाधानी नसल्याचे आढळले आहे. वेदना उरणे हे त्याचे एक कारण, तर आधीपासूनची अवास्तव अपेक्षा हे दुसरे. भारतीय घरांत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे या सवयी बहुतेक रुग्णांना सोडाव्या लागतात. चालणे, जिने चढणे, प्रवास, खुर्चीवर बसून पूजा किंवा स्वयंपाक या गोष्टी मात्र पुन्हा साध्य होतात.

शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी रुग्णाने आपल्याला पुन्हा कोणत्या तीन गोष्टी करता याव्यात, हे लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे आणि त्यांपैकी कोणत्या शक्य आहेत, याचे स्पष्ट उत्तर घ्यावे. त्या उत्तरावरून शस्त्रक्रिया करावी की काही काळ थांबावे, याचा निर्णय घेणे सोपे जाते.