गॅलॉडेट विद्यापीठ : जेथे सांकेतिक भाषा हीच शिक्षणाची भाषा

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या जेमतेम दीड हजार आहे. भारतातील अनेक तालुक्यांच्या ठिकाणची महाविद्यालये याहून मोठी असतात. तरीही कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणाचा विचार जगात कोठेही झाला, तरी या विद्यापीठाचे नाव अग्रभागी येते. इतर विद्यापीठांत कर्णबधिर विद्यार्थ्याला सवलत म्हणून दुभाषी दिला जातो. गॅलॉडेटमध्ये व्याख्यानापासून कार्यालयीन चौकशीपर्यंतचा व्यवहारच अमेरिकी सांकेतिक भाषेत चालतो. लेखन-वाचनासाठी इंग्रजी आणि प्रत्यक्ष संवादासाठी सांकेतिक भाषा, असे या संस्थेचे द्विभाषिक धोरण आहे.

स्थापना आणि वाटचाल

माजी पोस्टमास्टर जनरल एमोस केंडल यांनी दिलेल्या जागेवर १८५७ मध्ये मूकबधिर आणि अंध मुलांसाठी शाळा सुरू झाली. या संस्थेला महाविद्यालयीन पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ८ एप्रिल १८६४ रोजी स्वाक्षरी केली. त्या वेळी संस्थेची धुरा २७ वर्षांच्या एडवर्ड मायनर गॅलॉडेट यांच्याकडे होती. त्यांच्या आई सोफिया फाउलर स्वतः कर्णबधिर होत्या, तर वडील थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हे अमेरिकेतील कर्णबधिर शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. वडिलांच्याच स्मरणार्थ १८९४ मध्ये महाविद्यालयाला गॅलॉडेट हे नाव मिळाले. १८६९ मध्ये पहिले तीन पदवीधर बाहेर पडले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी पदवीपत्रावर असण्याची प्रथा तेव्हापासूनची आहे. १९८६ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या वाटचालीत प्रतिकूल काळही आला. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिर मुलांना केवळ मौखिक पद्धतीने शिकवावे, असा ठराव केला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार झाली. एडवर्ड गॅलॉडेट यांनी या ठरावाला विरोध केला आणि त्यांच्या महाविद्यालयात ती भाषा टिकून राहिली. पुढे तेथील इंग्रजीचे प्राध्यापक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून अमेरिकी सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असल्याचे दाखवून दिले. हावभावांचा संच म्हणून दुर्लक्षिली गेलेली ही भाषा त्यानंतर भाषाशास्त्राच्या अभ्यासाचा विषय बनली.

अभ्यासक्रम

पदवी स्तरावर जीवशास्त्र, गणित, मानसशास्त्र, इतिहास, व्यवसाय प्रशासन, समाजकार्य, कला आणि शिक्षणशास्त्र यांसारखे विषय शिकविले जातात. या स्तरावर प्रामुख्याने कर्णबधिर आणि कमी ऐकू येणारे विद्यार्थी प्रवेश घेतात. ऐकू येणाऱ्यांना मर्यादित जागा असतात. पदव्युत्तर वर्गांत दोन्ही गटांतील विद्यार्थी एकत्र शिकतात. भाषाशास्त्र, सांकेतिक भाषेतील दुभाषाकार्य, श्रवणविज्ञान, समुपदेशन, कर्णबधिरांचे शिक्षण आणि कर्णबधिर समाजाच्या इतिहास-संस्कृतीचा अभ्यास ही येथील वैशिष्ट्यपूर्ण क्षेत्रे आहेत. विद्यापीठाच्या आवारातच कर्णबधिर मुलांसाठी प्राथमिक आणि माध्यमिक शाळा चालविल्या जातात.

साहाय्यसेवा आणि वास्तुरचना

कर्णबधिर असलेला प्रत्येक विद्यार्थी सांकेतिक भाषा जाणत असतोच असे नाही. ऐकू येणाऱ्या कुटुंबात आणि सर्वसाधारण शाळेत वाढलेल्या अनेकांना ती प्रथम विद्यापीठातच भेटते. अशा नवागतांसाठी सत्रारंभापूर्वी या भाषेचे सघन वर्ग घेतले जातात. अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी शिकवणी आणि इंग्रजी लेखनाचे मार्गदर्शन, शैक्षणिक सल्लागार, मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन आणि रोजगार मार्गदर्शन या सेवाही उपलब्ध आहेत. समुपदेशक विद्यार्थ्याशी त्याच्याच भाषेत बोलतो, ही बाब येथे विशेष मोलाची ठरते. मनातील व्यथा तिसऱ्या व्यक्तीमार्फत सांगण्याची वेळ येत नाही. दृष्टीही बाधित असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्शाधारित संवादाची व्यवस्था केली जाते.

इमारतींच्या रचनेतही हाच विचार आढळतो. हातांनी बोलत चालणाऱ्या दोघांना परस्परांचे चेहरे दिसावेत म्हणून मार्गिका रुंद ठेवल्या जातात. एकमेकांचे हात स्पष्ट दिसण्यासाठी वर्गातील आसने अर्धवर्तुळात मांडलेली असतात. दारावरील घंटेचे काम लुकलुकणारा दिवा करतो. हातांच्या हालचाली उठून दिसाव्यात असे भिंतींचे रंग निवडले जातात आणि डोळ्यांवर ताण येणार नाही असा प्रकाश योजला जातो.

१९८८चे आंदोलन

कर्णबधिरांसाठी स्थापन झालेल्या या संस्थेला सव्वाशे वर्षांत एकही कर्णबधिर अध्यक्ष लाभला नव्हता. मार्च १९८८ मध्ये अंतिम तीन उमेदवारांपैकी दोघे कर्णबधिर असूनही विश्वस्त मंडळाने ऐकू येणाऱ्या एलिझाबेथ झिन्सर यांची निवड केली. विद्यार्थ्यांनी प्रवेशद्वारे रोखली आणि संसद भवनावर मोर्चा नेला. झिन्सर यांनी पद सोडले व आठवडाभरात आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. विश्वस्त मंडळात कर्णबधिरांचे बहुमत असावे, ही मागणीही मान्य झाली. साहाय्य देणाऱ्या संस्थेत निर्णयाचा अधिकार कोणाकडे असावा, हा या आंदोलनाचा मूळ प्रश्न होता.

भारताशी संबंध

हिमाचल प्रदेशात वाढलेले आणि बालपणी श्रवणशक्ती गमावलेले मदन वशिष्ठ यांनी गॅलॉडेटमध्ये शिक्षण घेतले. जेम्स वुडवर्ड आदी संशोधकांसह त्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळुरू येथील कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेचा अभ्यास केला. भारतीय सांकेतिक भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात ज्या कामांतून झाली, त्यांत या संशोधनाची गणना होते.

२०११च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ५० लाख व्यक्तींना श्रवणदोष आहे. मुंबईत १८८५ मध्ये कर्णबधिरांची शाळा सुरू झाली, तर वांद्रे येथे १९८३ पासून राष्ट्रीय स्तरावरील श्रवणविषयक संस्था कार्यरत आहे. तिरुवनंतपुरम येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘निश’ संस्थेत कर्णबधिरांसाठी पदवी अभ्यासक्रम चालतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञांचा शब्दकोश तयार केला.

राखीव जागेमुळे विद्यार्थी वर्गात पोहोचतो. परंतु तेथे दुभाषी नसेल आणि प्राध्यापकांना सांकेतिक भाषा अवगत नसेल, तर त्याची मदार फळ्यावरच्या अक्षरांवर आणि शेजाऱ्याच्या वहीवर राहते. गॅलॉडेटला अमेरिकी संघराज्य सरकारचे मोठे अनुदान मिळते. तशी स्वतंत्र संस्था उभारणे प्रत्येक राज्याला शक्य होईलच असे नाही. मात्र प्रशिक्षित दुभाषी, सत्रारंभापूर्वीचे भाषावर्ग, अर्धवर्तुळाकार आसनव्यवस्था आणि साहाय्य समितीत कर्णबधिर सदस्य या बाबी सर्वसाधारण महाविद्यालयांनाही अंगीकारता येण्याजोग्या आहेत.