मालकाचे राजकारण आणि गिरणीचे कापड

दिव्याहून लोहमार्गाने सुमारे तासाभराच्या अंतरावर मुंबईची मुळजी जेठा मार्केट ही कापडपेठ आहे. जैन व्यापाऱ्यांचे या पेठेशी नाते जुने. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० साली, या पेठेपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. परदेशी कापड विकू नये हे सर्वांना पटत होते. परंतु मुंबईतच विणलेले कापड केवळ गिरणीमालकाच्या राजकीय भूमिकेमुळे नाकारावे काय?

काँग्रेसने मोतीलाल नेहरू यांच्या पुढाकाराने गिरणीमालकांपुढे प्रतिज्ञापत्र ठेवले. परदेशी सूत वापरू नये, भांडवल व संचालक प्रामुख्याने भारतीय असावेत, या अटी होत्याच; शिवाय व्यवस्थापनातील कोणीही राष्ट्रीय चळवळीविरुद्ध प्रचार करू नये, अशीही अट होती. सही न करणाऱ्या गिरण्यांच्या मालावर बहिष्कार पडला. त्याची झळ मात्र प्रथम पोहोचली ती कामगारांना. मालक लंडनशी एकनिष्ठ असो वा नसो, गिरणी थांबली की मजुरी थांबे, आणि त्या निष्ठेत कामगाराचा काडीमात्र वाटा नव्हता. कृत, कारित आणि अनुमोदित हा भेद जाणणाऱ्या समाजाला हा पेच नवा वाटू नये. खरेदी करणे म्हणजे मालकाच्या मतास अनुमोदन देणे, असे मानले तरी न करणाऱ्याचे फळ दुसऱ्याच्या पदरी पडते, त्याचे काय?

व्यापाऱ्यांनी स्वतः परदेशी माल न मागविण्याचा निर्धार केला, त्याचे मोल निराळे होते. कारण तोटा त्यांच्याच वहीत पडत होता. देशसेविका संघाच्या केशरी साड्यांतील भगिनी दुकानांपुढे निरोधन करीत. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाची मोटार अडविताना बाबू गेनू यांनी प्राण दिले. ते स्वतः गिरणी कामगार होते, हे विसरता येत नाही.

परिणाम झाला काय? ब्रिटिश कापडाची आयात त्या एका वर्षात निम्म्याच्या आसपास उतरली. परंतु तेव्हाच जागतिक मंदी होती, आणि १९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ टक्के, इतर परदेशी कापडावर २० टक्के जकात बसली होती. सारे श्रेय बहिष्कारास देणे इतिहासास धरून होणार नाही. काहीच न देणे हेही अन्यायाचे होईल.

५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात हा भेद स्पष्ट झाला. ब्रिटिश मालावरील बहिष्कार राजकीय शस्त्र म्हणून वापरणे थांबविण्यात आले. स्वदेशीचा प्रचार आणि सक्ती वा धमकीविना निरोधन यांस मुभा राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले आणि बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले. ज्यांच्या मालावर बहिष्कार होता, त्या कामगारांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले. तेथे त्यांनी भारतातील दारिद्र्य त्यांना समजावून सांगितले. बहिष्कार मात्र मागे घेतला नाही.