शिरगणतीतील तिसरा अंक

प्रभूचा जन्म झाला तो एका खानेसुमारीच्या धामधुमीत. त्याच्याही कितीतरी पूर्वी मोशेने सिनायच्या रानात इस्राएलची गणती केली. पण तीत वीस वर्षांवरील, लढण्यास समर्थ असे पुरुष तेवढेच मोजले गेले. कोणाला कसे मोजायचे, हे मोजणाऱ्याची गरज ठरवीत आली आहे.

'लिंग' हा रकाना सर्वांत सोपा वाटतो. तसा तो नाही. हिंदुस्थानात पहिली खानेसुमारी १८७१-७२ च्या सुमारास झाली. त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींच्या जोडीला 'षंढां'चीही नोंद ठेवण्याचा कायदा केला. उत्तर हिंदुस्थानात तो प्रथम लागू झाला. सरकारने या माणसांना वहीत जागा दिली ती संशयित म्हणून! स्वतंत्र भारतात तो कलंक पुसला गेला, तरी रकाना मिळाला नाही. तृतीयपंथी आढळल्यास 'पुरुष' लिहावे, असा आदेश प्रगणकांच्या मार्गदर्शिकेत २००१ सालीही होता.

२०११ मध्ये प्रथमच पुरुष १, स्त्री २ यांच्यापुढे 'अन्य' म्हणून ३ हा अंक आला. त्याबरोबरची सूचना आम्हांला अंकाहूनही महत्त्वाची वाटते: प्रगणकाने हा अंक आपल्या मनाने लिहू नये, उत्तर देणाऱ्याने सांगितले तरच लिहावा. निर्णय पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडून सांगणाऱ्याच्या जिभेकडे आला. देशभरात ४,८७,८०३ जणांची अशी नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. मात्र छापील कोष्टकांत त्यांची बेरीज पुरुषांतच केली गेली. तृतीय लिंगाला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती १५ एप्रिल २०१४ रोजी.

ख्रिस्तसभेलाही मोजणीची जुनी सवय आहे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मग्रामातील घरोघरच्या माणसांची नावनिशीवार वही ठेवण्यास धर्मगुरूंना सांगितले. आणि प्रेषितांच्या कृत्यांत फिलिपने वाटेवरच बाप्तिस्मा दिला तो हबशी अधिकारी खोजा होता, हे आम्ही प्रवचनांतून घाईने ओलांडून जातो.

पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन. पुष्कळ ठिकाणी प्रगणक म्हणून शाळेतील शिक्षकच येतात. वसईच्या एखाद्या ओट्यावर बसून ते विचारतात तेव्हा घरातील प्रत्येकाविषयीचे उत्तर बहुधा एकटे वडीलच देतात. आणि ज्याच्याविषयी विचारले जात असते तो आतल्या खोलीत असतो.