निळा सूर्य आणि उरलेले आकडे

२६ सप्टेंबर १९५० रोजी एडिंबरोमध्ये सूर्य निळा दिसला. त्याआधी दोनच दिवस, रविवारी, टोरांटो आणि आसपासच्या शहरांत भर दुपारी दिवे लावावे लागले होते. कोरियात युद्ध पेटले होते, सोव्हिएत अणुस्फोटाला जेमतेम वर्ष झाले होते. अणुबाँब पडला की काय, अशी शंका अनेकांच्या मनात आली.

कारण होते हजारो किलोमीटर पश्चिमेला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा यांच्या सीमेवर, चिंचागा नदीच्या खोऱ्यात, जूनमध्ये वणवा लागला होता. रस्ते आणि वस्त्या यांच्यापासून दूरच्या आगी विझवायच्या नाहीत, असे तिथल्या वनखात्याचे धोरण. वणवा पावसाळी हवा येईपर्यंत जळत राहिला. सुमारे चौदा लाख हेक्टर जंगल गेले. धुरातले कण साधारण एक मायक्रॉनचे आणि जवळजवळ एकाच मापाचे असले, तर तांबडा प्रकाश जास्त विखुरतो आणि निळा आरपार येतो. एडिंबरोच्या वेधशाळेत रॉबर्ट विल्सन यांनी त्या सूर्यप्रकाशाचा वर्णपट घेऊन हेच दाखवले. पण धुराची वाट मात्र जहाजे, विमाने आणि वृत्तपत्रांतल्या बातम्या यांवरूनच जुळवावी लागली.

उपग्रहांनी हे काम सोपे केले, असे आपण सहज म्हणतो. त्या काळाविषयी वाचताना मला अधिक रंजक वाटली ती वेगळी गोष्ट: धूर दाखवणारे एक महत्त्वाचे उपकरण धुरासाठी बनवलेलेच नव्हते. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी निंबस-७ या उपग्रहाबरोबर ‘टॉम्स’ हे उपकरण वर गेले, ते ओझोन मोजायला. पृथ्वीवरून परतणारे अतिनील किरण वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजायचे आणि कोणते किती शोषले गेले त्यावरून ओझोन काढायचा. हवा, ढग आणि जमीन एवढेच धरून केलेले गणित बहुतेक ठिकाणी जुळे. काही ठिकाणी मात्र थोडा फरक उरे. हिशेबाच्या वहीत न जुळणारे चार पैसे उरावेत, तसा.

१९९०च्या दशकाच्या मध्यास नासाच्या गोडार्ड केंद्राशी संबंधित शास्त्रज्ञांनी — क्रिस्टिना शू, जे हर्मन, ओमर टोरेस, पी. के. भारतिया आणि इतर — या उरलेल्या फरकाचेच नकाशे काढले. फरक कुठेही विखुरलेला नव्हता. तो सहारावर होता, आणि वणव्यांच्या मोसमात आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशावर आणि ॲमेझॉनवर. अतिनील किरण शोषणारी धूळ आणि धूर होता तो. साध्या छायाचित्रात वाळवंटावरची धूळ वाळूत मिसळून जाते. अतिनील प्रकाशात जमीनच काळसर दिसते, म्हणून धूळ उठून दिसते. शिवाय जुने आकडे जपून ठेवलेले होते. ते पुन्हा मोजले, आणि १९७८पासूनची धुराची बखर मागाहून लिहिता आली. जुनी दफ्तरे नव्या प्रश्नाने वाचण्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहे, आणि ती लहान नाही. जमिनीलगतचा धूर, म्हणजे आपण श्वासात घेतो तोच, तिला नीट दिसत नाही. त्याची उंची कळायला २००६ साली कॅलिप्सो उपग्रहावरचा लेसर वर जावा लागला. २३ जानेवारी २०२२ला पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईत गाड्यांवर पांढरट थर बसला. उपग्रहचित्रांत तिचा पट्टा दिसत होता, पण नाकातोंडात किती गेली हे सांगायला जमिनीवरचीच यंत्रे लागली.

तरीही धूर कुठून आला हे दाखवता येणे ही राजकीय बाब ठरली. १९९७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुमात्रा आणि बोर्निओवर पेटलेल्या दलदलीच्या जमिनींचा धूर सिंगापूर-मलेशियावर पसरला. तो नव्या ‘टॉम्स’च्या नकाशांवर हिंदी महासागरापर्यंत दिसला. २००२ साली आग्नेय आशियाई देशांनी सीमापार धुराविषयी करार केला. ज्या देशात सर्वांत जास्त आगी लागत, त्या इंडोनेशियाने त्याला अंतिम मान्यता दिली २०१४ मध्ये. त्याच वर्षी सिंगापूरने कायदा केला: परदेशात आग लावून इथे धूर पाठवणाऱ्या कंपनीलाही दंड. पुराव्यासाठी उपग्रहचित्रे, वाऱ्याची दिशा आणि जमिनीच्या मालकीचे नकाशे एकत्र ठेवायचे. यातले जमिनीचे नकाशे मिळवणेच सर्वांत अवघड जाते.