दुखापतीत गेलेले वर्ष परत मिळते का?

मीरा रोड, प्रतिनिधी : महाविद्यालयाच्या कबड्डी संघातील खेळाडू चढाई करताना पाय मुरगळून मॅटवर कोसळतो, तपासणीत गुडघ्यातील लिगामेंट तुटल्याचे निष्पन्न होते आणि ऐन हंगामात शस्त्रक्रिया करावी लागते. बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतीतून पहाटेची लोकल पकडून सरावाला जाणाऱ्या मुलामुलींना हा प्रसंग अपरिचित नाही. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असले तरी येथील बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तेथून विद्यापीठाचा संघ आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा हाच या खेळाडूंचा मार्ग असतो. अशा वेळी घरात पहिला प्रश्न उपचारांचा असतो. दुसरा प्रश्न थोडा उशिरा, पण हमखास विचारला जातो : हे वाया गेलेले वर्ष पुढे भरून मिळेल का?

या प्रश्नाचे उत्तर भारतात आणि अमेरिकेत पूर्णपणे वेगळे आहे. आपल्याकडे ते नीट माहीत नसल्याने अनेकदा दुखापतीपेक्षा त्यानंतर घाईत घेतलेला निर्णयच खेळाडूला महागात पडतो.

नियम काय सांगतो?

देशातील विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांनुसार होतात. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेली ही संस्था ‘एआययू’ या नावाने अधिक परिचित आहे. तिच्या स्पर्धांची परंपरा जुनी आहे. क्रिकेटमधील रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासून खेळला जात आहे, तर विद्यापीठांच्या सर्वंकष कामगिरीसाठी दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून सुरू झाला.

पात्रतेच्या मुख्य अटी अशा : खेळाडू त्या विद्यापीठाचा पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असावा. पदवी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आवश्यक असलेली परीक्षा, म्हणजे आपल्याकडे बारावी, उत्तीर्ण झाल्यापासून आठ वर्षांपेक्षा अधिक काळ लोटलेला नसावा. वयाची मर्यादा १७ ते २५ वर्षे असून ते शैक्षणिक वर्षातील १ जुलै रोजी मोजले जाते. बहिःस्थ अथवा दूरशिक्षणाने शिकणारे आणि नोकरी करणारे विद्यार्थी या स्पर्धांसाठी पात्र ठरत नाहीत.

या अटींतील मेख अशी की, घड्याळ कोणासाठीही थांबत नाही. खेळाडू मैदानावर असो वा रुग्णालयात, वय वाढत राहते आणि बारावीनंतरची वर्षेही मोजली जातात. मात्र मर्यादा पुरेशी सैल असल्याने एखादे वर्ष हातून गेले तरी संधी संपत नाही. फक्त तोपर्यंत नियमित विद्यार्थी म्हणून नाव दाखल असणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटना ‘एनसीएए’ हिने याबाबत वेगळी वाट स्वीकारली. तेथे प्रदीर्घ काळ पाच वर्षांत चार हंगाम हा नियम रूढ राहिला. हंगामाच्या पूर्वार्धात दुखापत झाली, त्यामुळे उरलेला हंगाम खेळता आला नाही आणि तोवर साधारण ३० टक्क्यांपेक्षा जास्त सामने खेळून झालेले नसतील, तर तो हंगाम न मोजण्याची विनंती करता येई. दोन हंगाम आपल्या आवाक्याबाहेरील कारणांनी गेले, तर सहाव्या वर्षासाठीही अर्ज करण्याची सोय होती. करोनामुळे २०२०-२१ चा हंगाम तर सरसकट सर्व खेळाडूंसाठी हिशेबाबाहेर ठेवण्यात आला.

पुढे हा वाद न्यायालयांत पोहोचला. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा फुटबॉलपटू दिएगो पाव्हिया याला डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने दिलासा दिला. हे प्रकरण दुखापतीचे नव्हते. कनिष्ठ महाविद्यालयात घालवलेली वर्षे मोजावीत की नाही, हा त्यातील मुद्दा होता. परंतु एका जादा वर्षामागे केवढे आर्थिक हितसंबंध असू शकतात, हे त्यातून दिसून आले.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही करोनाकाळात सवलत मिळाली. जागतिक विद्यापीठ स्पर्धांची वयोमर्यादा २०१७ पर्यंत २८ होती, ती २०१९ च्या नेपल्स स्पर्धेपासून २५ वर आली. चेंगडू येथील २०२१ ची स्पर्धा २०२३ मध्ये झाली, तेव्हा मूळ वर्षाच्या जन्मतारखाच ग्राह्य धरल्याने २७ वर्षांचे खेळाडूही त्यात उतरू शकले.

आपल्याकडचे ‘जादा वर्ष’

आपल्या खेळाडूला जादा वर्ष मिळते ते पुढच्या अभ्यासक्रमाच्या रूपाने. एक साधे उदाहरण घेऊ. एखादी विद्यार्थिनी २०२२ मध्ये १८ व्या वर्षी बारावी झाली आणि वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात, २०२३-२४ मध्ये, जायबंदी झाली. तिचे तिसरे वर्ष अद्याप बाकी होते. त्यानंतर एम. कॉम.ला प्रवेश घेतल्यास आणखी दोन हंगाम, तर तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला गेल्यास तीन हंगाम उपलब्ध होतात. तोपर्यंत तिचे वय २४ च्या आत-बाहेर असते. उलट, प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षे थांबून विसाव्या वर्षी वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्याला शेवटच्या टप्प्यात वयाची अट आडवी येते.

नव्या शैक्षणिक धोरणाने या हिशेबात भर घातली आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या रचनेत चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाचा पर्याय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वैध राहतात, त्यामुळे शिक्षणात खंड पडला तरी आधीचा अभ्यास फुकट जात नाही. परंतु ही सवलत शिक्षणापुरती आहे. खंडाच्या काळात विद्यार्थी पटावर नसल्याने त्याला स्पर्धेतही उतरता येत नाही, आणि वयाचे घड्याळ चालूच राहते.

पणाला काय लागलेले असते?

विद्यापीठ पातळीवरील सहभागाचे मोल केवळ पदकापुरते नसते. मुंबई विद्यापीठात क्रीडा, एनसीसी, एनएसएस आदी उपक्रमांतील विद्यार्थ्यांना कमाल दहा वाढीव गुणांची तरतूद राहिली आहे. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याबाबतचा शासन निर्णय २००५ चा असून २०१६ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची क्रीडा खात्याकडून पडताळणी करावी लागते. मध्यमवर्गीय घरातील पालक मुलाला मैदानावर पाठवतात ते बहुधा हा हिशेब मनाशी धरूनच. म्हणून एक हंगाम हुकला की नोकरीची शिडी निसटल्याची भावना होते आणि खेळाडू पूर्ण बरा होण्याआधीच मैदानात परततो.

येथेच खरा धोका आहे. गुडघ्यातील ‘एसीएल’ या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळाकडे परतण्यास साधारण नऊ महिने ते एक वर्ष लागते, आणि नऊ महिन्यांपूर्वी परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण अधिक आढळते. बीड जिल्ह्यातून पुढे आलेला धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील डायमंड लीग शर्यतीत पडला. त्याच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ऑलिम्पिकमध्ये धावलेल्या खेळाडूलाही शरीराचे वेळापत्रक चुकवता येत नाही, तेथे विद्यापीठाच्या खेळाडूने घाई करण्यात अर्थ नाही.

काय करावे?

० दुखापत होताच जिमखाना प्रमुख आणि प्राचार्यांना लेखी कळवावे. एमआरआय अहवाल, शस्त्रक्रियेची कागदपत्रे व डॉक्टरांचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. ७५ टक्के उपस्थितीच्या अटीतून सवलत मागताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

० विश्रांतीच्या काळात सोयीचे म्हणून दूरशिक्षणाकडे वळण्याआधी विचार करावा. पदवी मिळेल, पण त्या वर्षी विद्यापीठाकडून खेळता येणार नाही.

० नोकरी स्वीकारण्यापूर्वीही पात्रतेची अट तपासावी.

० येत्या प्रत्येक १ जुलैला आपले वय किती असेल आणि बारावीपासून किती वर्षे झाली असतील, याचा तक्ता मांडावा. किती हंगाम उरले, हे पाच मिनिटांत कळते.

० नियमांत वेळोवेळी बदल होतात. त्यामुळे चालू वर्षाचे परिपत्रक विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून पाहून घ्यावे. मागच्या वर्षीच्या सीनिअरने सांगितलेल्या माहितीवर विसंबू नये.

बहुतेक खेळाडूंचे दुखापतीत गेलेले वर्ष हे शेवटचे वर्ष नसते. हा तक्ता रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मांडला, तर परतण्याची तारीख भीतीने नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवता येते.